विश्लेषण : लांबून झाडलेल्या गोळीची जबाबदारी किती? जिम कॉर्बेट यांनी रायफल आणि काडतूस कसे निवडले?

डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात एका नरभक्षक बिबट्याला गोळी घालण्यात आली, तेव्हा करकंब, माढा, टेंभुर्णी पट्ट्यातील ऊसवाल्या शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. रात्री पाणी धरायला जाणे त्या दिवसांत बंद झाले होते. त्यानंतर पारावरच्या गप्पांत एक नाव हमखास निघू लागले, जिम कॉर्बेट. कुमाऊंच्या डोंगरांत नरभक्षक वाघ-बिबटे मारणारा माणूस म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. मात्र कोणत्या जनावरावर कोणती रायफल घ्यायची, कोणती गोळी भरायची, किती अंतरावरून चाप ओढायचा आणि कधी ओढायचाच नाही, याचा हिशेब ते आयुष्यभर मांडत राहिले, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांच्या चरित्राचा हाच धागा पकडून केलेला हा आढावा.

शिकारीशी ओळख कशी झाली?

जेम्स एडवर्ड कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील क्रिस्तोफर तेथील पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचे असताना वडील वारले. मोठे खटले, आई मेरी यांच्या खांद्यावर संसार, आणि हिवाळ्यात पायथ्याच्या कालाढुंगी गावात मुक्काम. त्या गावाभोवतीच्या रानात हा मुलगा पाखरांचे आवाज आणि जनावरांचे माग शिकला. आधी गलोल, मग ठासणीची एक जुनी दुनळी बंदूक. तिची एक नळी चिरलेली होती, म्हणजे दुनळी असून कामापुरती एकनळीच. पुन्हा पुन्हा ठासायचा वेळ आणि दारूचा खर्च, त्यामुळे उगाच बार उडवण्याची चैन परवडणारी नव्हती. नेम पक्का होईपर्यंत थांबायचे, ही सवय गरिबीने लावली.

पुढे नैनितालच्या स्वयंसेवक पलटणीतील एका सार्जंट-मेजरने या शाळकरी पोराला सरावाची .४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली. अट एवढीच, की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत आणून द्यायची. याच रायफलीने त्यांनी पहिला बिबट्या मारला. मार्टिनी एकबारी असते. एक गोळी सुटली की मागचा खटका उघडून दुसरी भरायची. समोर जखमी बिबट्या असताना तेवढा वेळ मिळेलच असे नाही. एकाच गोळीत काम व्हायला हवे, नाहीतर गोळी झाडूच नये, हा धडा त्या वयातला आहे.

चंपावतला काय घडले?

विशीत कॉर्बेट रेल्वेत लागले. आधी इंजिनांसाठी लाकूडफाटा पुरवण्याचे काम, नंतर बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाट येथे माल चढवण्या-उतरवण्याचे कंत्राट. वीसएक वर्षे त्यांनी हमालांबरोबर हे काम केले. शिकार सुट्टीत. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीला मारण्याची विनंती सरकारकडून आली, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. बक्षीस रद्द करायचे आणि बाकीच्या शिकाऱ्यांना रानातून बाहेर काढायचे. पैशासाठी शिकार करणारा म्हणवून घेणे त्यांना नको होते. शिवाय हौशी शिकाऱ्याची चुकार गोळी लागून मरण्याचीही इच्छा नव्हती.

या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसे मारल्याचे मानले जाते. गावकऱ्यांचा मोठा हाकारा लावून तिला दरीतून बाहेर काढले. कॉर्बेट यांच्या हातात .५०० ची दुनळी रायफल होती आणि जवळ काडतुसे फक्त तीन. तिन्ही संपली. वाघीण जखमी झाली, पण जिवंत होती. ते धावत तहसीलदाराकडे गेले आणि त्याची जुनाट बंदूक उसनी घेऊन आले. तिच्या नळीचा सांधा इतका ढिला होता की बार उडाला तर चेहराच जायचा. उघड्या जबड्यावर धरलेला नेम चुकून गोळी पंजात लागली. वाघीण मेली ती आधीच्या जखमांनी.

गोष्ट इथे थांबली असती तर ती फक्त थराराची झाली असती. मेलेल्या वाघिणीचा जबडा पाहिल्यावर उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. जुनी बंदुकीची जखम. कोणीतरी कधीतरी गोळी घातली, ती नीट लागली नाही, जनावर निसटले आणि मागावर कोणी गेले नाही. सुळे गेल्यावर नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसाकडे वळली. कॉर्बेट यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकांत हे कारण वारंवार येते. साळिंदराचे काटे, म्हातारपण ही कारणे आहेतच. पण बेफिकीर गोळी आणि सोडून दिलेले जखमी जनावर ही माणसाने स्वतः ओढवून घेतलेली कारणे.

.२७५ रिग्बी कोणत्या कामाची?

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेट यांना लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी, पट्टीवर प्रसंगाची नोंद. ही रायफल त्यांनी अखेरपर्यंत जवळ ठेवली.

.२७५ हे इंग्रजी नाव. काडतूस मूळचे जर्मन, ७ x ५७ मिलिमीटर माउझर, १८९० च्या दशकातले. गोळीचा व्यास जेमतेम सव्वासात मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीएवढा. त्याआधीच्या पिढीतले शिकारी काळी दारू भरलेल्या जाड नळीच्या रायफली वापरत. गोळी जड, पण वेग कमी. बार काढला की धुराचा ढग, आणि पुढचे जनावर पडले की पळाले ते दिसायचेच नाही. बिनधुराची दारू आली आणि लहान, लांबट गोळी प्रचंड वेगाने फेकता येऊ लागली. रिग्बीच्या १४० ग्रेनच्या (सुमारे ९ ग्रॅम) गोळीचा नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला साधारण ८४० मीटर असे. रायफल वजनाला हलकी, धक्का कमी, पेटीत पाच काडतुसे. डोंगरात दिवसभर खांद्यावर वागवायला सोयीची.

हरणासारख्या जनावरासाठी वेगाचा फायदा काय, हे साध्या गणिताने कळते. गोळी नळीतून सुटली की त्याच क्षणापासून पडू लागते, हातातून सुटलेल्या चिंचोक्यासारखी. १०० मीटर जायला तिला सेकंदाचा आठवा भाग लागतो. तेवढ्यात ती सात-आठ सेंटिमीटर पडते. २०० मीटरला सुमारे ३० सेंटिमीटर. ३०० मीटरला जवळपास ८० सेंटिमीटर! अंतर तिप्पट झाले तर पडणे दहापट. वेग कमी असलेली गोळी याहून कितीतरी जास्त पडते. म्हणून वेगवान गोळी घेतली की अंतराच्या अंदाजातली चूक थोडी झाकली जाते. थोडीच. २५० मीटरला जुळवलेल्या रायफलीने ३०० मीटरवरच्या काळविटावर छातीचा नेम धरला, तर गोळी साधारण १५ सेंटिमीटर खाली लागेल. काळविटाच्या हृदय-फुप्फुसाची जागा छोट्या ताटलीएवढी. पंधरा सेंटिमीटर खाली म्हणजे पाय मोडणे. जनावर तीन पायांवर पळून जाणार आणि दोन दिवसांनी कुठल्यातरी काट्यात मरणार.

त्यात जनावर उभे आहे, हे गृहीत धरले आहे. ३०० मीटरला गोळीला ०.४ सेकंद लागतात. हरीण नुसते चरत चालत असेल तरी तेवढ्यात ४० सेंटिमीटर पुढे सरकते. वारा वेगळाच. उन्हाळ्यातल्या माळरानावर तर तापलेल्या हवेमुळे अंतराचा अंदाजही फसतो, आपल्याकडच्या माळावर हरणे बघत उभे राहिलेल्या कोणालाही हे पटेल.

गोळी कोणती?

रायफलीइतकाच, किंबहुना तिच्याहून महत्त्वाचा प्रश्न गोळीचा. एक प्रकार पूर्ण धातूच्या आवरणाच्या कठीण गोळीचा. ती आकार न बदलता आरपार जाते. दुसरा प्रकार मऊ टोकाचा. आवरणातून शिशाचे टोक उघडे असते, ते जनावराच्या अंगात शिरताच छत्रीसारखे उमलते आणि सगळी ताकद तिथेच खर्च होते.

त्याच काळात आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल नावाचा शिकारी याच .२७५ रायफलीने हत्ती मारत होता. हजाराहून अधिक हत्तींपैकी बहुतेक या पेन्सिलीएवढ्या गोळीने. तो कठीण गोळी वापरे, कारण ती हत्तीच्या कवटीतून सरळ मेंदूपर्यंत जायला हवी होती. तीच गोळी चितळाच्या छातीत घातली तर सुईसारखी आरपार जाईल आणि चितळ मैलभर धावत सुटेल. उलट मऊ टोकाची गोळी हत्तीच्या हाडावर फुटून बसेल. रायफल एकच, काडतूस बदलले की काम बदलते. हे ज्याला कळत नाही त्याने महागडी रायफल घेऊन उपयोग नाही.

गंमत अशी, की उमलणारी गोळी युद्धात सैनिकांवर वापरण्यास १८९९ च्या हेग परिषदेतील जाहीरनाम्याने बंदी घातली. कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात बनलेल्या गोळ्यांवरून हा वाद पेटला होता. माणसासाठी ती क्रूर मानली गेली. हरणासाठी मात्र तीच दयेची ठरते, कारण लवकर मारते. स्कॉटलंडमध्ये तर १९८५ च्या आदेशाने लाल हरणासाठी उमलणारी गोळीच सक्तीची केली. तिचे वजन किमान १०० ग्रेन आणि वेग सेकंदाला किमान २,४५० फूट असला पाहिजे, असेही ठरवून दिले. कॉर्बेट यांची जुनी .२७५ त्या कसोटीला सहज उतरली असती.

वाघासाठी त्यांच्याकडे दुसरी रायफल होती, डब्ल्यू. जे. जेफ्री कंपनीची .४५०/४०० दुनळी. गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे .२७५ च्या जवळपास तिप्पट वजनाची. दोन नळ्या, दोन चाप. दुसरी गोळी झाडायला हात हलवावा लागत नाही, खटक्याचा आवाज होत नाही. झुडपात दहा पावलांवरून येणाऱ्या वाघासाठी ती. लांबच्या नेमाला मात्र नाही. जड गोळीचा मार्ग लवकर वाकतो.

लांबून झाडलेल्या दोन गोळ्या

कॉर्बेट यांच्या लिखाणातले दोन प्रसंग शेजारी ठेवले तर त्यांचा हिशेब लख्ख दिसतो.

पहिला चौगडच्या वाघिणीच्या मागावर असतानाचा. बरोबरच्या माणसांना मांस हवे होते. समोरच्या कड्यावर सुमारे दोनशे यार्डांवर एक घोरल, म्हणजे हिमालयातले बकरीसारखे जनावर, दिसले. डोके आणि मान एवढेच उघडे. कॉर्बेट जमिनीवर आडवे झाले, रायफल पाइनच्या मुळीवर टेकवली, श्वास स्थिर केला आणि चाप ओढला. घोरल जागीच पडले आणि उतारावरून घरंगळत खाली आले. जनावर स्थिर, रायफल टेकलेली, घाई नाही, मागे कोणी माणूस नाही, आणि मारण्याला कारण आहे. अवघड नेम होता, पण सगळ्या अटी पूर्ण होत होत्या.

दुसरा १९२९ चा, तल्ला देसचा. या वेळी त्यांच्या कानात गळू झाले होते. चेहरा सुजून एक डोळा मिटलेला, ऐकू येत नव्हते, झोप नव्हती. नरभक्षक वाघीण आणि तिची मोठी झालेली पिले एकत्र होती. कॉर्बेट यांनी झोपलेल्या दोन वाघांना मारले, ती पिले निघाली. आई पलीकडच्या उतारावर चढत पळाली आणि त्यांनी तिच्यावर लांबून गोळी झाडली. ती गडगडत खाली आली. मेली असे वाटले. नव्हती मेली.

पुढचे कित्येक दिवस तो माणूस त्या अवस्थेत रक्ताच्या थेंबांमागे फिरत राहिला. मधे एका रात्री झाडावर बसले असताना गळू फुटले. अखेर वाघीण सापडली आणि संपली. या मोहिमेवर त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिले, ते १९५४ च्या पुस्तकात आले. वाघीण नरभक्षक होती, तिला जाऊ देणे शक्य नव्हते, त्यामुळे गोळी झाडणे चूक म्हणता येत नाही. पण चालत्या जनावरावर, लांबून, अर्ध्या नजरेने झाडलेल्या गोळीची किंमत किती, ते त्यांनी स्वतःच्या पायांनी मोजली. हौसेच्या शिकाऱ्याने त्या जागी काय केले असते? बहुधा तंबूत परत जाऊन झोपला असता.

आमच्या मते कॉर्बेट यांचा मोठेपणा नेमबाजीत कमी आणि या पाठलागात जास्त आहे. नेमबाज त्या काळात पुष्कळ होते.

बंदूक खाली का ठेवली?

रुद्रप्रयागचा बिबट्या मे १९२६ मध्ये संपला. त्याने आठ वर्षांत १२५ माणसे मारल्याची नोंद आहे. या सुमारास कॉर्बेट यांचे मन हौसेच्या शिकारीतून उठत चालले होते. मोटारी आल्या, रस्ते झाले, पाहुणे साहेब एका दिवसात पाणपाखरांचे ढीग पाडू लागले. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन रात्री वाघांची छायाचित्रे काढत होते. त्यांच्या प्रभावाने कॉर्बेट यांनी चित्रफितीचा कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याला जवळ जावे लागते, वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते, तासन् तास थांबावे लागते. शिकाऱ्याची सगळी विद्या कामी येते आणि जनावर जिवंत राहते.

१९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात हेली राष्ट्रीय उद्यान झाले, देशातले पहिले. त्यामागे कॉर्बेट यांचा आग्रह होता. त्यांच्या मृत्यूनंतर या उद्यानाला त्यांचे नाव मिळाले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प तिथूनच सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात साठी ओलांडल्यावर त्यांनी सैनिकांना रानात जगायचे कसे ते शिकवले. हे प्रशिक्षण आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्याच्या जंगलात चालले. लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा त्यांना त्यासाठीच मिळाला.

आज कायदा काय सांगतो?

कॉर्बेट यांच्या रायफलीचा हा हिशेब भारतात आज हरणाच्या शिकारीसाठी वापरता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. सोलापूर, नगर भागातल्या माळावर दिसणारे काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. पीक खाल्ले हे कारण चालत नाही. त्यासाठी वन खात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करावा लागतो. माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराबाबत कलम ११ चा अपवाद आहे. पण तेथेही मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो, आणि आधी पकडण्याचा किंवा बेशुद्ध करण्याचा प्रयत्न शक्य नाही अशी त्याची खात्री व्हावी लागते. करमाळ्यात २०२० मध्ये याच वाटेने जावे लागले.

जखमी जनावर मात्र कायद्याची वाट पाहत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्याचा पाय अडकला, गावठी बंदुकीचे छरे लागले, तर तो उसात शिरतो आणि ऊस तोडायला कोयता घेऊन कोण जाते, हे करकंबकरांना सांगायला नको.

त्या रायफलीचे पुढे काय झाले?

नोव्हेंबर १९४७ मध्ये कॉर्बेट बहीण मॅगीसह केनियाला गेले आणि न्येरी येथे राहिले. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तेथील झाडावरच्या निवासात उतरल्या, तेव्हा सोबत कॉर्बेट होते. त्याच रात्री इंग्लंडमध्ये राजे सहावे जॉर्ज वारले. १९ एप्रिल १९५५ रोजी कॉर्बेट यांचे न्येरीत निधन झाले. लग्न केले नव्हते, मूलबाळ नव्हते.

.२७५ रायफल त्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि अनेक दशके तिथेच राहिली. अलीकडे रिग्बी कंपनीने ती परत मिळवली, आणि २०१६ मध्ये ती भारतात आणून लोकांना दाखवली. दस्त्यावरची चांदीची पट्टी अजून वाचता येते. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल, असे तीवर कोरलेले आहे. ती वाघीण या रायफलीने मेली नव्हती. ती मेली .५०० च्या दुनळीने, आणि त्या दिवशी काडतुसे तीनच होती.